पहिला कंदील कोण होता

वसंता काल गेला. माझ्या अंगाला एक शिवी कायमची चिकटवणारा माणूस.

साठच्या दशकातलं मारेगाव. हायस्कूलमधली आम्ही पाच-सहा पोरं विज्ञानकथांची फॅन. वसंताचा मामा नागपूरहून जुनी मॅगझिन्स आणायचा, म्हणून लीडर वसंता.

ग्रुपमध्ये मी सगळ्यात नवा.

एकदा पेपरात आलं, संध्याकाळी आकाशातून उपग्रह जाताना दिसणार. आम्ही कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानात जमलो.

"तो पाहा! आला!" अंधारात माझ्या शेजारून वसंता ओरडला.

आम्ही टाळ्या पिटल्या.

उजेड टेकाडावरून हळूहळू खाली आला. बैलगाडी होती. तिला टांगलेला कंदील.

"कोन वरडला बे?" पोरांनी विचारलं.

वसंतानं माझ्याकडे बोट केलं. "हा."

मी गप्प राहिलो. बोललो असतो तर मला मॅगझिन कोण देणार होतं?

तेव्हापासून मी कंदील.

मग ज्याला रॉकेट आणि विमानातला फरक कळत नाही, तो कंदील. न वाचताच गप्पा ठोकतो, तोही कंदील. शब्द शाळाभर झाला.

आईला वाटलं, कौतुकाचं नाव आहे. भर रस्त्यात हाक मारायची, "कंदील, जेवाले चाल!"

पोरं फिदीफिदी हसायची. मी मान खाली घालून घरी.

पुढं एक नवीन मुलगा आला. त्यानं विचारलं, "चंद्रावर हवा नाही, मंग गोष्टीतले लोकं तिथं बोलतात कसे?"

"कंदील! कंदील!" पोरं ओरडली.

त्याचे डोळे भरले. तो उठून निघाला.

तेव्हा वसंता उभा राहिला. "थांब बे. पहिला कंदील मी आहो. त्या दिवशी मीच वरडलतो. नाव याचं घेतलं." त्यानं माझ्याकडे बोट केलं.

एवढं बोलून तो तडक घरी गेला.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारात मॅगझिन्सचा अख्खा गठ्ठा. वसंता गायब. मीच त्याच्या घरी गेलो.

"कायले लपून राह्यला?"

"तुह्या आईसमोर यायची लाज वाटते. थे तुले त्याच नावानं बोलावते. सांगू का तिले?"

"नको."

आम्ही तिला कधीच सांगितलं नाही. ती मात्र विचारायची, "हा पोरगा माह्याशी बोलताना खाली काहून पाह्यते?"

आई गेली त्या दिवशी सगळ्यात जास्त तोच रडला. कशासाठी, ते मला एकट्याला माहीत होतं. तरी मी बोललो नाही.

वसंता, तू माफी मागायला लाजत राहिलास. मी माफ केलंय म्हणायला लाजत राहिलो.

केव्हाच केलं होतं रे.

जा मित्रा, निवांत जा. भरल्या मनानं निरोप.