डावा ब्रेक

माझ्या मुलीचं लग्न पुण्यात व्हावं म्हणून मी फ्रान्समध्ये जाऊन सायकलवरून पडलो. पडलो नसतो तरी लग्न पुण्यातच होणार होतं, पण हे मला पडल्यावर कळलं.

आमची सायली नोकरीसाठी फ्रान्सला गेली आणि तिथल्याच ल्युक नावाच्या मुलाशी तिने लग्न ठरवलं. मुलगा चांगला आहे. मोठ्यांसमोर हळू बोलतो आणि आमटी मागून घेतो. माझी तक्रार मुलाबद्दल नव्हतीच. लग्न त्यांच्या गावच्या नगरपालिकेत होणार, सही करायची आणि टाळ्या वाजवायच्या, हे काही मला पटेना. एकुलती एक मुलगी! तिला आपल्या अंगणातून सासरी पाठवावं एवढीच माझी इच्छा होती. (कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीला अंगण नाही, पार्किंग आहे. पण भावना समजून घ्या.)

"मग तूच बोल ना ल्युकच्या बाबांशी," सायली फोनवर म्हणाली. "पण घरात नको. त्यांच्याकडे सगळे महत्त्वाचे विषय सायकलवर निघतात. ते दर रविवारी डोंगरातल्या जंगलात सायकल मारतात. तुला सायकल येते का, असं विचारत होते."

"पुण्याच्या माणसाला सायकल येते का?" मी कडाडलो. "त्यांना सांग, मी नारायण पेठेत सायकलवर वाढलोय!"

हे तिने तसंच्या तसं सांगितलं. मी शेवटची सायकल लग्नाआधी चालवली होती, हा तपशील कोणी विचारला नाही आणि मीही तो मध्ये आणला नाही.

शेजारच्या साठ्यांकडे गिअरची सायकल होती. पोट कमी करायला घेतलेली. तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. ती मागायला गेलो.

"न्या की," साठे म्हणाले. "पण टॉवेल वाळले की न्या."

सायकल दारात आली तशी आमच्या सौभाग्यवतींनी तिची पूजा केली. हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि हँडलला हात-दीड हात लांबीचा झेंडूचा हार घातला. तो हार काढायचं मला सुचलं नाही. तळजाईच्या चढावर तो साखळीत गेला आणि गिअरच्या दातांतून पाकळ्या उडायला लागल्या. टेकडीवर फिरायला आलेली मंडळी बाजूला होऊन मला वाट देत होती. एका आजोबांनी तर हातही जोडले! साठे मागून चालत आले आणि म्हणाले, "वा! मिरवणूक छान निघालीये. विसर्जन कुठे आहे?"

सांगायचा मुद्दा, सराव झाला.

फ्रान्समधलं ते गाव म्हणजे टेकड्यांच्या कुशीतली चार घरं, एक चर्च आणि रवंथ करणाऱ्या गाई. आमचे व्याही मॉरिसराव उंच, सडपातळ आणि माझ्यापेक्षा वयाने मोठे. मी आणि सौ. पोचलो त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी काढून ठेवलेली सायकल अंगणात आणली. (त्यांना अंगण होतं. मला जरा हेवा वाटला.) हँडलला हात लावून ते काहीतरी समजावू लागले. सायली दुभाषी म्हणून शेजारी उभी होती.

"बाबा, ते ब्रेकबद्दल सांगतायत..."

"ब्रेकबद्दल? मला?" मी पुढे झालो. "त्यांना म्हणावं, ब्रेक मला माझ्या वडिलांनी शिकवलाय. उतारावर फक्त डावा ब्रेक! उजव्याला हात लावायचा नाही. उजवा दाबलात की तुम्ही हँडलवरून पलीकडे. म्हणा, डावा!"

"पण बाबा, ते म्हणतायत की..."

"त्यांचं नंतर. आधी त्यांना डावा म्हणायला लाव."

मॉरिसरावांनी दोन-तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी नम्रपणे मान लववून ते म्हणाले, "दावा." माणूस सभ्य! मी खूश होऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि वडिलांची पद्धत त्यांना पहिल्यापासून समजावून सांगितली. मध्ये एकदा आमची सौ. स्वयंपाकघराच्या दारात येऊन "अहो, ऐका ना" म्हणाली. मी हातानेच थांब म्हटलं.

सकाळी सायलीलाही बरोबर घेऊन निघालो. जंगल सुरेख होतं, हे मान्य करायला पाहिजे. ओकची उंच झाडं, खाली पाचोळ्यातून गेलेली हातभर रुंदीची पायवाट, झाडांच्या बुंध्यांवर रंगाने काढलेले दिशेचे बाण, आणि मैलोगणती एकही टपरी नाही. मला अस्वस्थ व्हायला झालं. बाणावर विश्वास कोण ठेवतो? रस्ता कसा, टपरीवाल्याला विचारून पक्का करावा!

पायवाटेच्या तोंडाशी पहिली अडचण आली. वाट एकट्याची आणि आम्ही व्याही दोघे. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या पुढे जायचं? मी सायकल बाजूला घेतली, कमरेत वाकलो आणि म्हणालो, "आधी तुम्ही."

मॉरिसरावही वाकले. फ्रेंचमध्ये त्याच अर्थाचं काहीतरी बोलले.

"छे छे, मान तुमचा!"

ते पुन्हा वाकले. मी आणखी वाकलो. आमच्या मागे चार तरुण सायकलस्वार येऊन थांबले आणि एकेकाने घड्याळ पाहायला सुरुवात केली.

"बाबा, प्लीज! ते पाहुण्याला सोडून पुढे जाणार नाहीत," सायली म्हणाली. "जा तू पुढे!"

अशा रीतीने, माझ्या मनाविरुद्ध, मी सगळ्यांच्या पुढे झालो.

चढावर मला लग्नाचा विषय काढायचा होता. वाक्य मी विमानातच तयार केलं होतं. पण चढ असा होता की श्वास सायकलला पुरेना, मग वाक्याला कुठून आणू? पहिल्या वळणावर मी कसाबसा म्हणालो, "पुणे..." पुढचं छातीतच राहिलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा, "पुणे..." मॉरिसरावांनी काळजीने सायलीला काही विचारलं.

"बाबा, ते विचारतायत, तुला घरची आठवण येतेय का? थोडं चीज खाणार का?"

मी चीज खाल्लं. मुलीच्या लग्नाचा प्रश्न तसाच राहिला आणि टेकडीचा माथा आला.

समोर उतार होता. हिरवी कुरणं, त्यांच्या कडेने पुन्हा रानात शिरणारी वाट, झाडांची बाहेर आलेली मुळं, आणि पार तळाशी काळसर चिखलाचा एक खळगा. सायली म्हणाली की रानडुकरं तिथे लोळतात. म्हटलं, लोळू देत, आपल्याला काय? बोलायचं ते खाली पोचल्यावर, सपाटीला.

सायकल सुटली. आधी वारा लागला, मग डोळ्यांत पाणी आलं, मग झाडं ओळखू येईनात. मागून सायली ओरडली, "बाबा, ब्रेक! ब्रेक!" आणि तिच्याही वर मॉरिसरावांचा आवाज आला, "दावा, नो! दावा, नो!"

आता मला सांगा, अशा वेळी मी व्याह्यांचं ऐकणार की वडिलांचं? मी सगळा जीव एकवटून डावा ब्रेक दाबला.

आपल्याकडे डावा ब्रेक मागच्या चाकाचा असतो. फ्रान्समध्ये तो पुढच्या चाकाचा असतो. आदल्या संध्याकाळी मॉरिसराव अंगणात एवढंच सांगू पाहत होते.

सायकल जागच्या जागी थांबली. थांबलो नाही तो मी. हवेत असताना माझ्या मनात एकच विचार आला, की साठ्यांना हे कळता कामा नये. मग रानडुकरांच्या त्या चिखलात मी उजव्या हातावर पडलो आणि मनगटात काहीतरी कट्‌कन वाजलं.

मॉरिसराव सायकल टाकून धावत आले. पांढरी विजार घातलेला तो माणूस माझ्याशेजारी सरळ चिखलात बसला आणि त्याने माझं डोकं मांडीवर घेतलं. मग माझा बांध फुटला. विमानातलं वाक्य कुठच्या कुठे गेलं, जे होतं ते बाहेर आलं. "मॉरिसराव, मला एकच मुलगी आहे हो. तिच्या डोक्यावर आमच्या माणसांनी अक्षता टाकाव्यात, एवढंच मागतो. लग्न पुण्यात करा." मी रडत होतो. सायलीने भाषांतर सुरू केलं, पण तीही रडायला लागली, त्यामुळे व्याह्यांपर्यंत नेमकं काय पोचलं ते देव जाणे.

मॉरिसराव गोंधळले. मग हळूच काहीतरी बोलले. सायलीचं रडणं थांबलं आणि ती हसायला लागली.

"बाबा... ते म्हणतायत, पुण्यातच आहे ना? काल ठरलं की!"

"कोणी ठरवलं?"

"आईने."

हाताला प्लास्टर घालून घरी आलो, तर सौ. आणि विहीणबाई गळ्यात गळे घालून कांदेपोहे खात होत्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आदल्या संध्याकाळी सौ.ने फोनवर नऊवारीतले फोटो दाखवले. विहीणबाईंनी फोटोकडे बोट केलं, मग स्वतःकडे केलं. नऊवारी नेसून नगरपालिकेत सही करायला बसणं बरं दिसत नाही, हे दोघींनाही एकदम पटलं. संपली बैठक! कर्वेनगरमधलं कार्यालय तर सौ.ने पुण्याहून निघण्याआधीच धरून ठेवलं होतं.

"मग मला सांगायचं नाही?" मी कळवळलो.

"आले होते की सांगायला. तुम्ही अंगणात ब्रेकवर भाषण देत होतात," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या मध्ये बोललेलं तुम्हाला चालतं का?"

महिन्याभरात लग्न झालं. विहीणबाई नऊवारीत सगळ्या कार्यालयभर मिरवल्या. प्लास्टर मी शेल्याखाली झाकलं होतं, आणि साठ्यांना विमानतळाच्या जिन्यावर पाय घसरला असं सांगितलं होतं. कन्यादानाची वेळ आली. सौ. पाण्याचा तांब्या घेऊन बसली. माझं मन भरून आलं होतं.

"यजमान, उजवा हात पुढे करा," गुरुजी म्हणाले.

मी शेला बाजूला केला.

"अरेरे! असू द्या. मग डावा पुढे करा."

व्याह्यांच्या बाजूने मोठ्याने ओरडण्याचा आवाज आला. "दावा, नो! दावा, नो!" मॉरिसराव फेट्यासकट उठून उभे राहिले होते आणि दोन्ही हात हलवून गुरुजींना थांबवत होते. मराठीतला त्यांना तेवढा एकच शब्द येतो, आणि तो मीच शिकवलाय. पहिल्या रांगेतले साठे सायलीकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "काय गं, हे जिन्याचं नेमकं काय प्रकरण आहे?"