कामाच्या माणसाला सोडत नसतात

मागच्या महिन्यात आम्हा निवृत्तांच्या मेळाव्यात एक मोटिवेशनल स्पीकर आणला होता. ज्यांनी जन्मभर फायली दाबून ठेवल्या, त्या म्हाताऱ्यांकडून त्याने हात वर करवून 'मैं कर सकता हूँ' म्हणवून घेतलं. आम्हीही म्हटलं. चहाच्या वेळी एक जुना सहकारी मला म्हणाला, "तुमच्या सेक्शनची ती नागपूरवाली मॅडम आठवते? पहिले कशी कामाची होती, अन् मंग पार गंजली! तिले असं भाषण ऐकवाले पाहिजे होतं."

मी बिस्किट खात राहिलो. ती गंजली नव्हती. तिला मी गंजवलं. तिथे बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

केंद्राच्या एका खात्याचं आमचं कार्यालय शेजारच्या हिंदी राज्याच्या राजधानीत, तिथल्या शंकर नगरात होतं आणि मी सेक्शनचा प्रमुख होतो. ती पेन्शनची प्रकरणं पाहायची. अभनपूरहून बसने आलेल्या विधवा बाईला तिने कधी दुसरी चक्कर मारायला लावली नाही. तिचा नवरा आणि मुलगी नागपूरला. शुक्रवारी संध्याकाळी ती गाडीत बसायची आणि सोमवारी स्टेशनवरून थेट ऑफिसात यायची.

तिच्या नागपूरच्या बदलीचा आदेश आला. पण नुसता आदेश येऊन माणूस हलत नाही, साहेबाने त्याला कार्यमुक्त करावं लागतं. मी करेना.

"साहेब, पोट्टी नववीत गेली. आता तरी सोडा ना मले."

"मॅडम, तुम्ही गेल्यावर सेक्शन कोण पाहीन? तुमच्यासारखं माणूस भेटते का कुठं?"

"म्हणजे मी काम चांगलं करतो, हेच चुकलं का माह्यं?"

मी हसलो. सव्वीस जानेवारीला तिला शाल-श्रीफळ दिलं आणि भाषणात तिला कार्यालयाचा आधारस्तंभ म्हटलं. फुकटात काम काढून घ्यायचं असलं की आम्ही साहेब लोक अशी विशेषणं वाटतो.

त्याच सेक्शनमध्ये एक बाबू होता. सही ठोकून बूढ़ापारा वस्तीत चहाला जायचा आणि दिवसभर फोनवर प्लॉट विकायचा. त्याने बिलासपूर मागितलं. आदेश आला त्याच दुपारी मी त्याला सोडलं, वर समोसे मागवले. "भैया, बधाई हो!" म्हणत सगळ्यांनी खाल्ले. त्याच्या जागी कोणी आलं नाही. त्याचं टेबल मी तिच्याकडे दिलं.

तिने हे सगळं पाहिलं आणि त्यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. पत्रं चुकायला लागली. अर्ज पडून राहिले. "सर्व्हर डाऊन हाये, उद्या या," असं ती लोकांना सांगू लागली. सांगताना मान वर करत नसे. कामचुकारपणा तिला जमत नव्हता. बाहेर कोणी म्हातारी ताटकळत बसली की ती उठून पाणी प्यायला जायची. मी मूर्ख, मला तेव्हा तो माज वाटला.

"काहून असं करून राहिल्या तुम्ही?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"कसं, साहेब?" ती शांतपणे म्हणाली.

शेवटी, आदेशाला चौथं वर्ष लागलं तेव्हा, तक्रारी वर गेल्या, मलाच जाब विचारला गेला आणि मग मात्र मी तिला तातडीने कार्यमुक्त केलं. जी गोष्ट तिला कामाने मिळाली नाही, ती तिला काम बिघडवून मिळाली. मी तेवढ्यावरही थांबलो नाही. तिच्या वार्षिक अहवालात 'कामात रस नाही' असं लिहिलं. आमचे सहकारी आजही तेच खरं धरून बसलेत.

पत्र न्यायला ती केबिनमध्ये आली. मी 'बसा' म्हटलं नाही.

"साहेब, हे मले पहिलेच समजाले पाहिजे होतं," ती म्हणाली. "पोट्टी आता घरी कुठं हाये? बारावी झाली तिची. मागच्याच महिन्यात पुण्याले होस्टेलात गेली."

त्यावर माणसाने निदान गप्प बसावं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "चला, नागपूरले तरी नीट काम करा आता."