ताईची पोटरी

लसूण घालून जवसाचं तेल कढवल्याचा वास आला, की मला ताईची सुजलेली पोटरी आठवते. ताईला आतड्यांचा जुना आजार होता, शौचावाटे रक्त जायचं, त्यामुळे घरात सगळ्यांचं लक्ष तिच्या पोटाकडेच असायचं. डावा पाय लाल होऊन सुजला, तेव्हा आई म्हणाली, "पवनारहून बसमंधी उभ्यानं आली, लचकला असन. दाबून चोळ, त्याशिवाय सूज नाई उतरत." मी तेलाची वाटी जवळ ओढली आणि अंगठे रुतवून चोळत राहिले. "हळू वं, लय दुखून राह्यलं मले," ताई म्हणाली, तर मी आणखीच जोर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरीवरचे कपडे काढता काढता तिला धाप लागली आणि ती अंगणातच कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, आतड्यांच्या या आजारात क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, तीच सुटून फुप्फुसात गेली असावी. मग त्यांनी विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?" आईनं माझ्याकडे बोट केलं, "इनं." आता आईचे गुडघे दुखतात. तेल ती स्वतः कढवते, स्वतःच चोळते. मी समोरच बसलेली असते. ती मला चोळायला सांगत नाही, आणि मीही वाटीला हात लावत नाही.