मामाच्या गोळ्यांचं पाकीट

अकोल्यात माझ्या औषधाच्या दुकानात ती एकदाच आली, तेल्हाऱ्याकडची शेतकरीण. चिठ्ठी पोराची होती, मनाच्या आजाराची. तिनं बटव्यातून गोळ्यांचं जुनं, रिकामं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

"मले वाचता येत नाई. चिठ्ठीतली गोळी हेच हाये का, पाहा. यानं वीस वर्साआधी माह्या भावाची मान वाकडी झालती, हात थरथरत. पोरगा मामावरच गेला."

कंपनी वेगळी, औषध तेच! मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी बदलली. म्हणाले, असा त्रास घराण्यात उतरू शकतो. मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं या बाईनं वीस वर्षं बटव्यात जपलं होतं.

ती पाकीट परत बटव्यात ठेवू लागली.

"आता कायले ठेवता, माय?"

"पोराले लेकरं होतीन ना."