ताटात हात धुणारे पाहुणे आणि माझी मशीन

आज सकाळी माझ्या भांड्यांच्या मशीनमध्ये पाणी तसंच साचून राहिलं आणि ताटं खरकटीच निघाली.

आठ दिवसांपासून नाकाडोंगरीचे दीर मुक्कामाला आहेत. लगेच म्हणाले, "वहिनी, दादा होता तवा ठीक होतं. आता तुमाले एकटीले मशीन कायले पाहिजे? मी नेतो, दुरुस्त करून वापरतो."

माझ्या हाताचे सांधे धरतात म्हणून ह्यांनी ती घेतली होती. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. मी मशीनचं पुस्तक काढून ओळ ओळ वाचलं आणि तळाची जाळी फिरवून बाहेर काढली. तिच्यात मूठभर फुगलेली शितं अडकली होती.

दीर जेवण झालं की ताटातच हात धुतात आणि ते ताट तसंच मशीनमध्ये ठेवतात.

मी जाळी त्यांच्यासमोर धरली. "भाऊजी, हा तुमच्या हाताचा भात."

"आमच्याकडं असंच चालते."

"मंग मशीन तिकडं नेऊन काय कराल?"

जाळी धुऊन बसवली. पाणी खळखळ निघून गेलं. दीर अजून फुगून बसले आहेत, बसू देत.

बाई एकटी राहिली की तिची वस्तू आधी बिनकामाची ठरते, मग दुसऱ्याच्या कामाची होते. तुमच्या घरी कोणती वस्तू अशी मागितली गेली?