यादीत नसलेलं राज्य

छत्तीसगढ राज्य नवं नवं होतं, तेव्हाची गोष्ट. तात्यापारा या मराठी वस्तीतल्या आमच्या वाचनालयात कॉम्प्युटर आला आणि पुस्तकांची सूची त्यात चढवायचं काम माझ्याकडे आलं. मला आनंद मावेना. ग्रंथपाल बाईंना सगळे दीदी म्हणत. त्यांना त्या यंत्राचं काडीचं कौतुक नव्हतं. पुस्तकाला विषय द्यायचा तो छापील यादीतलाच, हा त्यांचा नेम. यादी राज्याहून जुनी, त्यामुळे या भागाविषयीची सगळी पुस्तकं अजून 'मध्य प्रदेश' या विषयाखाली होती.

एक दिवस रेल्वेतल्या एका कारकुनाची मुलगी आली. नव्या राज्याच्या नोकरभरतीची परीक्षा तोंडावर होती आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. तिने 'छत्तीसगढ' टाइप केलं.

"भैया, एक भी किताब नहीं है क्या?"

पुस्तकं तिच्या पाठीमागच्याच कपाटात होती. माझं डोकंच फिरलं.

"दीदी, यादीत एक शब्द घालाले काय जाते?"

"उद्या तू म्हणशील दुसरा घाला. मंग यादी कायले पाहिजे?"

मीही हट्टाला पेटलो. सूचीत 'वाचकांचे शब्द' असा रकाना उघडला. ज्याने पुस्तक वाचलं त्याने मनाला येईल तो शब्द जोडावा. लोक नुसते तुटून पडले. उरल्याच्या कारखान्यांतून पाळी संपवून आलेले कामगार काय, ब्राह्मणपाऱ्यातल्या काकू काय, कॉम्प्युटरपुढे रांग लागली. मी तर हवेत होतो.

आठवड्याने त्या मुलीने पुन्हा 'छत्तीसगढ' टाइप केलं आणि अर्धं वाचनालय पडद्यावर आलं. नव्या राज्याच्या कौतुकात लोकांनी दिसेल त्या पुस्तकाला तोच शब्द चिकटवला होता. भाताचे प्रकार छत्तीसगढ, पोलादाची माहिती छत्तीसगढ. पुण्यात घडणाऱ्या एका प्रेमकथेलाही छत्तीसगढ. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "लग्न इथंच झालं माहं, त्यात भेट आलं थे पुस्तक."

मुलगी रडकुंडीला आली. "अब इसमें से क्या पढ़ूँ?"

दीदी उठल्या. त्यांनी छापील यादी उघडली आणि समासात पेनाने लिहिलं, 'छत्तीसगढ'. त्या यादीला शाई लागलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग आम्ही दोघं वाचकांचा एकेक शब्द तपासत बसलो. प्रेमकथा गेली, पोलाद गेलं. एका पुस्तकापाशी मात्र दीदी थांबल्या.

"आपल्याकडल्या तलावायचं हे पुस्तक म्या सिंचनात टाकलं होतं. लोकायनं बरोबर हेरलं."

शेवटी फळीभर पुस्तकं उरली, पण नेमकी. मुलगी परीक्षेपर्यंत त्या फळीजवळच बसून असायची.

रकाना दीदींनी बंद केला नाही, पण रोज सकाळी त्यातला कचरा काढायच्या. 'छान', 'बोर', 'झोप येते', सगळं साफ. निकालानंतर एका सकाळी तलावांच्या पुस्तकाखाली नवे शब्द दिसले: 'नौकरी लग गई'.

हा काही विषय नव्हे. मी पुसायला गेलो, तर दीदींनी माझा हात धरला.

"राहू दे त्याले," त्या म्हणाल्या.