उंबराची तिसरी फांदी

शाळेतली चित्रकलेची नोकरी सुटली आणि मी घरोघरची कुलचिन्हं रंगवायला लागले. कल्पना नणंदेची. ती चाळीतून टॉवरमध्ये राहायला गेली तेव्हा म्हणाली, "वहिनी, दाराशेजारी नुसतं आडनाव नको गं. आमच्या घराचं असं कायतरी काढून दे." मी सागाच्या गोल फळीवर तिच्या सासरच्या गावची देवी, मागे खाडी आणि त्यांचं देवक, म्हणजे लग्नात ज्याची पूजा होते ती कळंबाची डहाळी, असं काढलं. तिच्या मजल्यावरच्या दोघांनी लगेच तसंच मागितलं. परळच्या आमच्या खोलीत भाताला वार्निशचा वास यायला लागला, पण नवरा कुरकुरला नाही.

गिरगावातल्या एका वाडीतून फोन आला तो अशाच कुणाच्या तरी ओळखीने. गृहस्थ साठीचे, बोलणं गोड. "मॅडम, आमचं देवक उंबर. आम्ही तिघे भाऊ, तर तीन फांद्या काढा. नव्या जागेत लावायचंय." त्यांच्या वाडीचं रिडेव्हलपमेंट ठरलं होतं. मी कच्चं चित्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. फार आवडलं त्यांना.

आठवड्याने पुन्हा फोन. "तिसरी फांदी काढून टाका."

"अहो, का? तोल जाईल चित्राचा."

"मग तोडलेली दाखवा."

मला वाटलं, घरात काहीतरी वाईट घडलं. आवाज खाली आणून विचारलं, "धाकटे गेले का हो?"

ते म्हणाले, "तसंच समजा."

फळी केवढी हवी ते ठरवायला मी त्यांच्याकडे गेले. चर्नी रोडला उतरून चालत. दार एका हडकुळ्या, हसऱ्या माणसाने उघडलं. पन्नाशीचा असेल. त्यानेच पाणी दिलं, चहा टाकला. मला वाटलं, कामाला असेल. फोनवरचे गृहस्थ आत कपडे बदलत होते. मी मोबाईलवर चित्र उघडून बसले होते, तर तो मागून वाकून म्हणाला, "छान आहे ताई. मी धाकटा. माझी फांदी कुठली?"

चित्रात तिसऱ्या फांदीच्या जागी कापलेला खुंट होता. "अजून काढायचीय," मी कशीबशी म्हणाले.

मोठे भाऊ बाहेर आले. त्यांनी धाकट्याकडे बघितलंदेखील नाही. "आत जा," एवढंच. तो गेला. आतल्या खोलीला बाहेरून कडी होती आणि ती त्यांनी सवयीने लावली. माझ्याशी मात्र तशाच गोड आवाजात बोलत राहिले, भिंतीचा रंग काय, फळी कुठे लागणार.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या घरात आपण पडायचं नाही. काम सोड हवं तर." मी काम सोडलं नाही. तिन्ही फांद्या काढल्या, तिसरीला सगळ्यात जास्त फळं लावली आणि फळी नेऊन दिली. मोठ्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "बरं," म्हणाले. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. आतल्या खोलीचं दार त्या दिवशी उघडं होतं. आत कॉट नव्हती, कपडे नव्हते.

"धाकटे भाऊ?"

"गावी गेला. तिकडची हवा मानवते त्याला."

जिना उतरताना खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला खूण करून आत घेतलं. दार लोटून म्हणाल्या, "गाव कसलं? गावचं घर त्यांनी कधीच विकलं. आणि हा काय वेडा नाय हो. रिडेव्हलपमेंटच्या कागदांवर सही करायला नाय म्हणाला, बस."

बाई घाबरल्या होत्या, तरी स्वस्थ बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधल्या भावाच्या बायकोला नळावर गाठलं. ती रडली आणि बोलून गेली. कर्जतच्या पुढे एक आश्रम आहे, तिथे ठेवलंय.

बाईंनी मला फोन केला आणि आम्ही दोघी तिकडे गेलो. पत्र्याचं उंच फाटक, आत झाडू मारलेलं स्वच्छ अंगण आणि एवढी माणसं असून कुणाचाच आवाज नाही. तो ओसरीवर बसला होता. डोकं भादरलेलं, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी सदरा. आम्हाला बघून उठला, पण हसला नाही.

"चला आमच्याबरोबर," वाडीतल्या बाई म्हणाल्या.

तिथला मॅनेजर शांतपणे म्हणाला, "ज्यांनी आणून सोडलं तेच नेऊ शकतात." मी पोलिसांचं नाव काढलं. "जरूर जा," तो म्हणाला आणि समोरच फोन उचलून कुणाला तरी "हो दादा, दोन बायका आल्यात" असं सांगायला लागला.

धाकटा आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आला. मॅनेजरची पाठ वळल्यावर पटकन म्हणाला, "ताई, पोलिसांत जायचं तर आजच जा. उद्यापर्यंत हे मला दुसरीकडे हलवतील."

आम्ही तिथून सरळ चौकीवर गेलो. तक्रार लिहून घेतली, सोबत एक हवालदारही दिला. त्याला घेऊन परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. फाटक सताड उघडं होतं, तो कुठेच दिसत नव्हता आणि ओसरी कुणीतरी नुकतीच धुऊन काढली होती.